बोअरमध्ये पडलेले पाईप

गेल्या उन्हाळ्यात एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात माझ्या हातून पाईप निसटले. सव्वीस वर्षं मी हातपंप दुरुस्त करतो आहे. असं आधीही झालं होतं, पण तेव्हा गुडघे धड होते आणि निसटलेल्या वस्तूच्या मागे लागायची हौसही होती.

त्या गावात बोरिंग एकच. पाणी बादलीत पडताना स्वच्छ दिसतं. तासभर हवेत राहिलं की पिवळं पडतं आणि वर तांबूस तवंग येतो. पाण्यात लोखंड विरघळलेलं आहे. त्या पाण्यात भात लालसर होतो, चहा काळा पडतो. पेरूचं पान चुरून टाकलं तर पाणी शाईसारखं होतं, हे मला तिथल्याच बायांनी दाखवलं होतं, आमची तपासणीची पेटी येण्याच्या कितीतरी आधी.

हे पाणी किंचित आंबट असतं आणि पाईप खातं. लोखंडी पाईपावर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजतं आणि आतल्या लोखंडाला राखतं. जस्त संपलं की लोखंडाची पाळी. दर दोन-तीन वर्षांनी मी जायचो, सडलेले पाईप काढायचो, नवे घालायचो, आणि ते नवे त्याच दिवसापासून सडायला लागायचे.

त्या दिवशी मी आणि माझा जोडीदार चौथा पाईप वर ओढत होतो. जोडाच्या आट्यांपाशी तो कागदासारखा पातळ झालेला. कट्‌ असा आवाज आला, हातातलं वजन एकाएकी गेलं, आणि खालचे सगळे पाईप धडधडत तळाशी गेले.

पाण्याला आलेल्या बायांनी हंडे खाली ठेवले. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली.

"आता काय करसान, भाऊ?"

"काढतो, बाई."

"आन् नाई निंगले तं?"

नाही निघाले तर बोअर मेली आणि यांना नाल्याच्या रेतीत झरे उकरत बसावं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं.

आमच्याकडे एक आकडा होता, तो सळईला बांधून खाली सोडला. पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा पाईप अडकला, हातभर वर आला आणि सुटला. आकडा वर काढला तर त्याची बोटं सरळ झालेली.

जोडीदार सावलीत बसला. "लिहून देऊ ना बोअर बाद झाली म्हणून. किती मराचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्याही मनात तेच चाललं होतं. तेवढ्यात ती म्हातारी म्हणाली, "आमच्या घरच्याले दाखवा एकडाव."

तिचा नवरा लोहार. छपराखाली भाता घेऊन बसलेला, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. पोरं घुग्घुसला सिमेंटच्या कामावर गेलेली. त्यानं आकडा हातात फिरवला आणि बाजूला टाकला. मग बोलता बोलता सांगितलं की त्याचा बाप डोंगरातला काळा, जड दगड आणून घरीच लोखंड काढायचा. छातीएवढी मातीची भट्टी, एक थर लाकडी कोळसा, एक थर फोडलेला दगड. सकाळपासून भाता पायानं दाबायचा. दुपारनंतर मळ वाहून जायचा आणि तळाशी भोकाभोकांचा गोळा उरायचा. तो ठोकठोक ठोकायचा. बापाची एक छिन्नी त्यानं दाखवली.

मी म्हणालो, "मग त्याच लोखंडाचा आकडा करून द्या, भाऊ."

"नाई. थे नरम हाये, वाकते. याले ट्रकचा पाटा पाहिजे."

ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा त्याच्याकडे पडून होता. त्यानं दोन बोटांचा आकडा घडवला, टोकं आत वळवली, तापवून पाण्यात बुडवली, पुन्हा थोडी तापवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाईपाच्या जोडाखाली अडकला आणि सुटला नाही. एकेक पाईप वर येत गेला. आनंद झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. बसावंसं वाटत होतं, एवढंच.

म्हातारा बघायला आला होता. पाईपाच्या आत गंजाचा थर इतका चढला होता की मधून बोट जेमतेम जाईल. त्यानं खपली फोडून तळहातावर तोलली.

"हा तं दगडच झाला पुन्हा."

आयटीआयमध्ये शिकलेलं मी त्याला सांगितलं. दगडात लोखंडाला प्राणवायू चिकटलेला असतो, कोळसा तो ओढून घेतो. हवा आणि पाणी मिळून तो परत चिकटवतात. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"समजते तुमाले, मंग काऊन लोखंडच घालून राह्यले?"

"मिळतं ते घालतो, भाऊ."

इतकी वर्षं मी हेच उत्तर स्वतःला देत आलो होतो. त्याच्यासमोर ते फारच तोकडं वाटलं. त्या दिवशी जवळचे लोखंडी पाईप घातले, पाणी सुरू करून दिलं आणि परत येऊन प्लास्टिकच्या पाईपांसाठी अर्ज केला. अर्जामागे चार वेळा फिरलो. पावसाळ्यानंतर पाईप आले.

पण पाईप बदलले म्हणून पाण्यातलं लोखंड जात नाही. म्हाताऱ्याला आणि चार बायांना घेऊन विटांचं एक टाकं बांधलं. पाणी आधी गोट्यांवर पडतं, हवा खातं. मग कोळशातून आणि रेतीतून खाली उतरतं. गंज रेतीत राहतो. ती रेती धुवावी लागते, नाही तर टाकं तुंबतं. असली टाकी मी आणखी दोन गावांत बांधली होती. दोन्हीकडे आता कोरड्या टाक्यात कोंबड्या अंडी घालतात.

या हिवाळ्यात गेलो तेव्हा मनाची तयारी करूनच गेलो होतो. टाक्याशी दोन बाया रेती धूत होत्या. टोपल्यातून लाल पाणी वाहत होतं. मी टाक्याच्या ओट्यावर पाय ठेवला तशी एक ओरडली, "चपला काढा, भाऊ! पियाचं पाणी हाये."

मी चपला काढल्या. बघण्यासारखं, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मोहाच्या झाडाखाली हत्यारांची पिशवी उशाला घेतली आणि आडवा झालो. चांगला तासभर झोपलो. कोणी उठवलं नाही.