बाद फॉर्म

प्रबंधात प्रत्येक गोष्टीला प्रकरण असतं. उद्दिष्टांना असतं, गृहीतकांना असतं, मर्यादांनाही असतं. फक्त किस्स्यांना नसतं. ते मग पिशवीच्या तळाशी साठत जातात. सुट्ट्या टाचण्या आणि एसटीच्या जुन्या तिकिटांबरोबर.

माझा विषय दहावीच्या मुलींची करिअरमधली आवड. म्हणजे मुलींना एक लांबलचक फॉर्म द्यायचा. प्रत्येक कामापुढे 'आवडतं', 'आवडत नाही' किंवा 'सांगता येत नाही' यांपैकी एकावर खूण करायची. बस्स! ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

सरांच्या, म्हणजे माझ्या गाईडच्या, अटी मात्र कडक. फॉर्म मुलीनं स्वतः भरलेला हवा. आम्ही सोडून कुणी पाहिलेला नको. अट मोडली की सर लाल पेन काढून कोपऱ्यात 'बाद' लिहितात. एका शाळेतून निदान वीस फॉर्म हवेत, एकोणीस झाले तर ती शाळाच बाद. आणि हे सगळं बोर्डाच्या परीक्षेआधी, कारण परीक्षा झाली की मुली पांगतात. मग पुढच्या वर्षीच्या दहावीची वाट बघायची.

वाट बघायला माझी हरकत नव्हती. पण माझं लग्न ठरताना बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, "पीएचडी कधी संपणार?" मी म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत." त्या अख्ख्या बैठकीत मी बोललेलं हे एकच वाक्य. त्यामुळे ते सासरच्या सगळ्यांच्या पक्कं लक्षात आहे!

*

पहिली शाळा सोलापूर शहरातलीच. हेडसर अगत्याचे. चहा आला, बिस्किटं आली. मी नेहमीचं सांगितलं, "यात बरोबर-चूक असं काही नसतं. जे आवडतं ते लिहायचं."

हेडसर हसले. "ते मुलींना सांगा हो. मला खरी उत्तरं द्या. मी फळ्यावर लिहून टाकतो, तुमचाही वेळ वाचेल."

"सर, खरंच उत्तरं नाहीत."

त्यांनी मान हलवली. ही बाई पेपर फोडणार नाही, हे त्यांना पटलं असावं. बाहेर जाताना शिपायाला म्हणाले, "कडक आहेत मॅडम."

फॉर्म गोळा केले. बाकांच्या एका रांगेतल्या सगळ्या मुलींना सूक्ष्मदर्शक आवडत होता आणि गाणं आवडत नव्हतं. त्यातल्या दोघी फॉर्म भरताना गुणगुणत होत्या! त्या रांगेच्या पहिल्या बाकावर वर्गात पहिली येणारी मुलगी बसली होती, हे मला नंतर कळलं.

रांग बाद. बाकीच्या रांगांवर कसेबसे वीस भरले.

*

दुसऱ्या शाळेत फॉर्म आधी पाठवले होते. तिथल्या बाईंनी परस्पर सांगितलं, "घरी न्या गं, उद्या भरून आणा." मी पोचेपर्यंत फॉर्म घरी पोचले होते.

दुसऱ्या दिवशी परत आले. एकावर दुकानाचा शिक्का होता. एकाच्या खाली "वरील सर्व माहिती खरी आहे" आणि वडिलांची सही. एक फॉर्म तीन रंगांत होता. निळ्या शाईत मुलीच्या खुणा, त्या खोडून काळ्या शाईत आईच्या, आणि त्यावर हिरव्या स्केचपेननं थोरल्या भावाच्या. 'लोकांसमोर भाषण करणे' यापुढे तर कागदच फाटला होता.

सरांनी तो फॉर्म खिडकीपाशी उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"हा फॉर्म नाही. हे कौटुंबिक बैठकीचं इतिवृत्त आहे," म्हणाले, आणि लाल पेन काढलं.

*

तिसऱ्या शाळेत सगळं सुरळीत पार पडलं. इतकं, की मला काळजी वाटायला लागली.

आठवड्यानं तिथून जात होते तर चौकात फ्लेक्स! हेडसरांचा फोटो, संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा, आणि खाली सोनेरी अक्षरांत: "कल चाचणीत आमच्या शाळेचा शंभर टक्के निकाल!"

मी फोटो काढून सरांना पाठवला. त्यांचं एवढंच उत्तर आलं, "आपण निकाल लावला होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या शाळेच्या हेडबाईंचा फोन. आवाज पडलेला.

"मॅडम, आमचा किती लागला?"

*

दुधनीकडच्या शाळेत मुली घरी कन्नड बोलणाऱ्या. फॉर्म मराठीत. वाचता यायचा, पण काही कामांची नावं अडायची. मला कन्नडमधलं 'हौदु' म्हणजे हो आणि 'इल्ल' म्हणजे नाही, एवढंच येतं, तेही लग्नानंतर शिकलेलं.

सासूबाईंचं माहेर दुधनी. त्या म्हणाल्या, "मी येते की. पोरींना सांगायला काय लागतंय?"

मी हो म्हणाले. मी सहसा हो म्हणते.

वर्गात सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी कन्नडमध्ये सांगायचा. सुरुवात छान झाली. मग 'शिवणकाम करणे' आलं. मराठीत दोन शब्द. सासूबाई त्यावर दोन मिनिटं बोलल्या. मुलींनी माना डोलावल्या, काहींनी खोडरबर काढलं.

"आई, काय सांगितलंत?"

"काही नाही गं. म्हटलं, आवडत नसलं तरी शिकून ठेवा."

'परगावी राहून शिकणे' यावर त्या जरा जास्तच वेळ बोलल्या. शेवटी मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

एसटीत बसल्यावर मी हळूच म्हटलं, "आई, हे फॉर्म सर घेणार नाहीत."

"तुझ्या सरांना काय कळतंय? मी नसते तर एक पोरगी तोंड उघडली नसती."

हे मात्र खरं होतं. मला तिथं पुन्हा जावं लागलं. त्या वेळी कन्नड शिकवणाऱ्या बाईंना घेतलं. सासूबाईंना सांगितलं, लायब्ररीत जातेय.

*

बाद फॉर्मांचा गठ्ठा घरीच पडलेला असतो. एका रविवारी नवऱ्यानं त्यातला एक ओढला. मागची बाजू कोरी असते, तिथं किराणा लिहिणार असेल असं मला वाटलं. तर तो चक्क जुन्या खुणा खोडून नव्यानं भरायला लागला!

अर्ध्या तासानं माझ्यापुढे ठेवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच खूण. 'सांगता येत नाही.'

"अहो, काहीतरी तर आवडत असेल."

"असेल."

"मग लिहा ना."

त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं शांतता होती.

"आई बाहेर गेलीय," तो म्हणाला. "आल्यावर विचारून लिहितो."

तो विनोद करत होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

शेवटची शाळा सांगोल्याच्याही पलीकडे, माळावर. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. बाकीच्या शाळा कशाबशा पार पडल्या होत्या. ही झाली की दिवाळीचा शब्द पाळता येणार होता.

दहावीत मुली बावीस. दोघी गैरहजर. म्हणजे बरोबर वीस. वर्गाच्या बाईंनी माझा चेहरा बघून हजेरी दोनदा घेतली.

मी फॉर्म वाटले आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "तुमची उत्तरं कुणालाही दाखवली जाणार नाहीत." हे ऐकलं की मुलींचे खांदे सैल होतात. इथंही झाले. तासाभरात एकोणीस फॉर्म माझ्या हातात आले. एकही कोरा प्रश्न नाही, एकही खाडाखोड नाही.

मागच्या बाकावरची एकजण मात्र फॉर्मवर हात ठेवून बसून राहिली.

"झाला ना भरून?"

"झालाय की. बाई, ह्ये खरंच कुणाला दावणार न्हाय?"

"नाही."

"हेडसरांना?"

"नाही."

"आन् घरी?"

"घरी तर मुळीच नाही. घाबरू नकोस."

तिनं फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. "मग काय उपयोग?"

वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सरांनीसुद्धा.

मी तिच्या शेजारी बसले. फॉर्मवर यंत्रांच्या प्रत्येक कामापुढे 'आवडतं' अशी खूण होती. इतकी दाबून केलेली, की मागच्या पानावर उमटली होती.

"आमच्या अप्पांनी लातूरला क्लास बघून ठिवलाय," ती म्हणाली. "डाक्टर हो म्हंत्यात. मला आयटीआयला जायाचंय. जळालेली मोटर नव्या तारंनं भरायला शिकायचंय. आमच्या हिरीवरली मोटर दोनदा मीच खोलली."

"मग सांग की अप्पांना."

"सांगितलं की. मी सांगितलं की पोरीचं बोलणं व्हतंय. तुमी सांगितलं तर रिपोर्ट व्हतोय."

"अगं, पण दाखवला तर हा फॉर्म चालणार नाही."

"तुमाला चालणार न्हाय. मला चालतोय की!"

बाई दारातून बोलावत होत्या. सोलापूरची गाडी यायची वेळ झाली होती. मी हातातले फॉर्म मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. तेवढेच.

मग मी पर्समधून लाल पेन काढलं, तिचा फॉर्म बाकावर सरळ केला आणि कोपऱ्यात 'बाद' लिहिलं.

"अप्पा घरी किती वाजता येतात?"

"घरी कशाला जाताय?" तिनं दप्तर खांद्याला लावलंसुद्धा. "त्ये काय, लिंबाखाली. सकाळधरनं थांबल्यात. मीच सांगून ठिवलंय, मॅडमनी बोलवलंय म्हणून."