माईने मागितलेलं जैत

माई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुयेच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी होते. "माई गेली गो..." वहिनी एवढंच बोलली. रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल? आता आमचं गाऱ्हाणं कोण घालणार!

माई म्हणजे माझी मावशी. पेडण्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इब्रामपूरला आम्हा बायकांचं भजनी मंडळ काढलं. आमच्याकडे कुठल्याही कामाला निघताना देवळात नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाकडे मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागणारा मात्र पुरुषच. भजनाच्या पहिल्या स्पर्धेला निघालो तेव्हा गावचे मानकरी बाबलीकाका पुढे झाले आणि आमच्यावरच्या मायेपोटीच खणखणीत आवाजात म्हणाले, "समोर भजन गावक बसतीत तेंचो गळो बसव रे म्हाराजा!" आम्ही सवयीने "व्हय" म्हणायला तोंड उघडलं, तोच माईने हात वर केला. देवळात, चालू गाऱ्हाण्यात!

"बाबलीदादा, दुसऱ्याचो गळो बंद पडान मेळता तां कसला जैत?"

आणि तिथेच बाईंचा वर्ग सुरू झाला. जैत म्हणजे जिंकणं, हा आपला जुना शब्द, संस्कृतातल्या 'जैत्र'पासून आलेला; जिंकणारं ते जैत्र. विजय त्याच कुळातला. फत्ते मात्र लांबून, अरबीतून आलेली, आणि तिकडे तिचा मूळ अर्थ उघडणं. बंद किल्ला उघडला की फत्ते! "मगे आमचो गळो उघड म्हणान मागया. तेंचो बंद कित्याक?" काका तापले. "इतक्या कळता तर तूच घाल!" त्यांना वाटलं बाई गप्प बसेल. बाईने पदर खोचला, पुढे झाली आणि घातलंच की गाऱ्हाणं! "व्हय म्हाराजा" आम्ही बायकांनीच म्हटलं. काका तर तरातरा बाहेर निघून गेले.

त्या वर्षी आमचा नंबर आला नाही. मग काय विचारता, बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं म्हणून असं झालं, हे गावभर. माईने पुढल्या वर्षी पुन्हा घातलं. त्याच्या पुढल्या वर्षीही... आणि एकदा डिचोलीहून आम्ही पहिल्या नंबराची ढाल घेऊन आलो तेव्हा टेम्पो गावात शिरताच फटाके वाजले. माईने ढाल फ्रिजवर ठेवली आणि पेज जेवायला बसली. एवढा मला तिचा अभिमान वाटला की घास उतरेना, आणि ही आपली लोणचं मागतेय!

गेल्या आठवड्यात पुन्हा डिचोलीची स्पर्धा होती. ती गेल्यानंतरची पहिलीच. कोणी म्हणालं, यंदा काकांनाच सांगूया. मी भडकले. माईमागे लगेच माघारी फिरलो तर तिने मिळवलं काय? मीच घालीन म्हटलं. म्हटलं खरं... पण नारळासमोर उभी राहिले आणि शब्द फुटेना. बायका खाली बघू लागल्या. तेवढ्यात बाबलीकाका आत आले. झालं, आता हे पुढे होणार, आणि माईचं सगळं पुसलं जाणार, असं वाटून मला रडूच कोसळलं.

काका पुढे आले नाहीत. ते मागे गेले, बायकांच्या रांगेत हात जोडून उभे राहिले.

"घाल गो बाय," ते म्हणाले. "आमी आसव."

"म्हाराजा, माई नाय, पण मागणा तांच आसा..." मी डोळे पुसत म्हटलं.

पहिलं "व्हय म्हाराजा" मागच्या रांगेतून आलं. एकट्या काकांचं, देऊळ दणाणून सोडणारं.