नवरीवाचून धवळा

नवीन पनवेलला तळमजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. लग्न म्हणजे कचेरीत जाऊन केलेल्या सह्या. दोन्ही घरांना ते मान्य नव्हतं. बायकोच्या माहेरचं तर दारच बंद झालं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात विजेची कामं बघायचो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाकार्यात माइक-स्पीकर लावून द्यायचो. ती बाहेरच्या खोलीत शिकवण्या घ्यायची. आतली खोली मात्र तिने हट्टाने माझ्यासाठी मोकळी ठेवली.

"तुला गाणी रेकॉर्ड करायचीत ना? मग कर की. नाहीतरी त्या खोलीत ठेवायला आपल्याकडे सामान कुठे आहे?"

मुंबईच्या जुन्या बाजारातून मी एक वापरलेला मिक्सर आणि मोठ्या चकत्यांचा टेप आणला. भिंतींना जुन्या गाद्या आणि घोंगड्या ठोकल्या, दोन खोल्यांमधल्या खिडकीला काच बसवली आणि यंत्रं बाहेरच्या बाजूला मांडली. तरी टेपवर सारखी एक घरघर यायची. वायरी बदलल्या, जागा बदलल्या, काही उपयोग होईना. शेवटी दोष अर्थिंगचा निघाला. मागच्या अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, मीठ-कोळसा भरला. ती जागा ओली राहायला हवी, म्हणून बायको रोज तुळशीला पाणी घातलं की उरलेलं तिथे ओतायची. घरघर थांबली, पण रेकॉर्ड करायला गाणारं कोणी नव्हतं.

त्याच सुमारास जवळच्या ओवे गावात, कारखान्यातल्या एका सोबत्याच्या बहिणीच्या लग्नात मी स्पीकर लावले. मांडवाच्या खांबांना कर्णे बांधले आणि सकाळपासून सिनेमाची गाणी लावून दिली. हळदीच्या वेळी वीज गेली. सगळं एकदम शांत झालं आणि आतून एका बाईचा आवाज आला. संथ, जरा घोगरा, पण सगळा मांडव भरून टाकणारा. ती धवलारीण होती. आगरी लग्नात देवांना बोलावण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीला तिची गाणी, तिचे धवळे लागतात. इतका वेळ ती गातच होती, पण माझ्या कर्ण्यांमुळे कोणाला ऐकू येत नव्हती. वीज आली तरी मी टेप पुन्हा सुरू केला नाही. लग्न आटोपल्यावर तिला विचारलं, "आजी, माझ्या घरी येऊन हे गाल का?"

"तुज्या घरी लगीन हाय?"

"नाही. टेपवर भरून ठेवायचंय."

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पण एका दुपारी ती आली, सोबत झील धरणारी तिची जाऊ. दोघी खोलीत मांडी घालून बसल्या. मी पंखा बंद केला, समोर स्टँडवर माइक ठेवला, काचेआडून हात वर केला. आजीने एक ओळ म्हटली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मांडवात ऐकलेला तो आवाजच नव्हता. मी माइक पुढे घेतला, मागे घेतला. मग स्टँडच काढून टाकला आणि माइक वर पंख्याच्या हुकाला टांगला, म्हणजे डोळ्यांसमोर नको. तरीही तेच.

"पोरा," ती वैतागून म्हणाली, "नवरी कुठं हाय? आमी गायचं कोनाला? या गाद्यांना?"

बायको दारात चहा घेऊन उभी होती. आजीने तिच्याकडे पाहिलं. "तुला हलद कोनी लावली व्हती?"

"नाही लागली," बायको म्हणाली. "आमचं रजिस्टर झालं."

"गानं?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"बस हितं." आजीने आपल्यासमोरच्या सतरंजीवर थाप मारली. "आनि हलद आन घरातली."

स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद वाटीत कालवून आली. बायको साध्या घरच्या साडीत सतरंजीवर बसली. आजीने तिच्या गालांना, हातांना हळद लावली आणि गायला लागली. मी धावत जाऊन टेप सुरू केला. मिक्सरवरचा काटा डोलायला लागला. डोंगरावरच्या देवांना, शेताच्या बांधांना, घरच्या मेलेल्या माणसांनाही ती एकेक करून लग्नाला बोलवत होती. मध्येच हेडफोनमध्ये मला हुंदका ऐकू आला. आजी थांबली नाही. हळदीचा हात बायकोच्या डोक्यावर ठेवून ती पुढे गात राहिली. मीही टेप थांबवला नाही.

त्या टेपवरून मी कॅसेट काढली, तिच्यावर तो हुंदका तसाच राहिला. गावोगावच्या जत्रांत ती कॅसेट लोकांनी आवडीने घेतली आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, खऱ्याच लग्नात भरलीय. आम्ही कधी खुलासा केला नाही. तसं ते खोटंही नव्हतं.

पुढच्या वर्षी पनवेलच्या मैदानावर एका कार्यक्रमात आजीला बोलावणं आलं. स्पीकर मी माइकच्या पुढे आणून लावले, म्हणजे शिट्टी मारणार नाहीत. बसून गाणार म्हणून माइक खाली ठेवले. आजी बायकोला हाताला धरून रंगमंचावर घेऊन आली तेव्हा संयोजकांनी विचारलं, "या कोण?"

माइक चालू होता. "माजी लेक," ती म्हणाली, आणि ते मैदानभर ऐकू गेलं. बायको पदराने तोंड झाकून हसत होती आणि रडतही होती.

लेक म्हणाली ती तेवढ्यापुरती नव्हे. आमची मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीला शेकायला आणि बाळाला न्हाऊ घालायला आजी ओव्याहून येऊन आमच्याकडे राहिली. येताना तांदळाचं पीठ आणि सुकट घेऊन आली. शिकवण्या बंद, रेकॉर्डिंग बंद. गाद्या लावलेल्या त्या खोलीत आवाज बाहेर जात नाही म्हणून बाळाचा पाळणा तिथेच टांगला. मी कारखान्यातून येई तेव्हा घरात शेगडीच्या धुराचा आणि ओव्याचा वास भरलेला असे. बायको गाढ झोपलेली, बाळ आजीच्या पायांवर पालथं.

"हलू ये," बायकोकडे बोट दाखवत आजी मला दटावायची. "माजी पोर आता कुठं निजलीय."