फ्रायटन्ड बाय

"या, या, भयंकर माणसा! आत या ना!"

मास्तर माझ्या दादांना असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

दादा म्हणजे माझे वडील. पोखर्णीला मास्तरांच्या थोरल्या भावाच्या शेतात सालगडी होते. तुरीच्या शेंगांचं गठुडं मास्तरांच्या घरी पोचवायला पहाटेच चालत परभणीला निघाले होते. घराला कुलूप दिसलं म्हणून शाळेत आले. वर्गाच्या दारात, चपला हातात धरून उभे राहिले. आत यावं की नाही, त्यांना कळेना.

निजामाचं राज्य. शाळा उर्दूतून. इंग्रजी मात्र मास्तर मराठीत समजावून सांगत. त्या दिवशी फळ्यावर भीतीची विशेषणं होती. अफ्रेड, फ्रायटन्ड, फ्रायटनिंग. नेमकं मला उठवलं. "कर एक वाक्य." दारात जे दिसत होतं तेच मी सांगितलं. माय फादर इज फ्रायटनिंग.

चूक माझ्या बोलीतली होती. जायलाय म्हणजे इज गोइंग. खायलाय म्हणजे इज ईटिंग. मग बाप भ्यायलाय, म्हणजे इज फ्रायटनिंग. दुसरं काय असणार?

"याचा बाप म्हणे भीतीदायक आहे," मास्तर वर्गाला म्हणाले. "बघून घ्या रे. याच्यापेक्षा आमच्या मांजराला जास्त भितील लोक!"

दादाही हसले. त्यांना काही कळलं नव्हतं. मालक हसतात म्हणून हसले. गठुडं खाली ठेवून, हात जोडून हसले.

"शंभर वेळा लिही," मास्तर मला म्हणाले. "माय फादर इज फ्रायटन्ड."

मधल्या सुट्टीत आवारातल्या लिंबाखाली बसून मी लिहू लागलो. दादा शेजारी बसले. वाचता येत नव्हतं, तरी कागदावर वाकून बघू लागले.

"लय झ्याक अक्षर हाय रं तुजं. काय लिवायलास?"

"तुमचं नाव."

"इतक्या बार?"

"हो."

"मंग एक कागद मला दे की."

दिला. त्यावरच्या ओळी मास्तरांसाठी पुन्हा लिहिल्या.

काही दिवसांनी मास्तरांनीच शिकवलं की फ्रायटन्डच्या पुढं बाय येतो, आणि बायच्या पुढं ज्यानं भेववलं त्याचं नाव. दादांना आम्ही घरातही भित्रे म्हणायचो. जन्माचाच भित्रा माणूस, असं. फ्रायटन्ड तसा नसतो. त्याला कुणीतरी भेववलेलं असतं.

"ये रे, भयंकर माणसाच्या पोरा," मास्तर म्हणाले. "तुझं जुनं वाक्य पुरं कर."

मी खडू घेतला. माय फादर इज फ्रायटन्ड बाय यू.

वर्गात कुणी हसलं नाही.

"पूस ते."

"व्याकरण चुकलं का, सर?"

"पूस म्हणतो ना!"

"नाही पुसणार."

छडी मोडेपर्यंत मारलं. शाळेतून नाव काढलं. आठवडा झाला नाही तोच दादांना शेतावरून हाकललं.

"काय लिवलं व्हतंस रं एवढं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत सांगितलं नाही.

दादा मागच्या महिन्यात गेले. दहाव्याला त्यांच्या मुंडाशाच्या घडीत तो कागद निघाला. घड्यांवर फाटलेला, घामानं पिवळा पडलेला.

"गावभर दाखवायचा," चुलता म्हणाला. "पोरानं माजं नाव लिवलंय म्हनायचा. सोड आता नदीत, त्याच्यासंगं जाऊ दे."

मी सोडला नाही.

पंचवीस ओळी आहेत. रोज एका ओळीपुढं बाय लिहितो आणि त्यापुढं नाव. पहिलं मास्तरांचं लिहिलं. मग त्यांच्या भावाचं. हसलेली पोरं आठवून आठवून लिहितोय. एका ओळीपुढं माझंही नाव आहे, कारण त्या दिवशी लिंबाखाली मी खोटं बोललो.

नावं सगळी पुरी लिहिणार. अर्धी ओळ एकही ठेवणार नाही.