बाळूची दुसरी भाकरी

सुमनकाकूंमुळे मी पदवीधर झालो. गेल्या महिन्यात काकांचा फोन आला, “काकू गेली रे. बाळू जेवत नाय.” फोन ठेवून मी काकूंना पूर्वी लिहिलेल्या एका पत्राची प्रत शोधून काढली.

नव्वदीच्या सुरुवातीला सुरगाण्याहून मी नाशिकला कॉलेजात आलो, तेव्हा गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत काकूंनी मला खोली दिली, जेवणही दिलं. काका सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करत. काकू फुलं पिकवणाऱ्या घरातली, हात सढळ. “घे रे, डोंगरातलं पोर तू, लाजतो काय?” म्हणत मला चौथी भाकरी वाढायची. शेजारी बसलेल्या तिच्या मुलाला, बाळूला, मात्र एकच. तो पाच वर्षांचा होता, दिसायचा नऊचा. बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, “हा बाळू, तर थोरला केवढा?” बोलणं उशिरा आलं, चालताना पडायचा, शाळेनं घरी पाठवला. त्याला एकटं सोडता येईना, म्हणून काकूही घरातच. भावाच्या लग्नालाही गेली नाही.

“आई, आजून एक.”

“बास. उठ.”

एकदा मी माझ्यातली अर्धी त्याच्यापुढे सरकवली. काकूनं ती उचलली. म्हणाली, “सासूबाई म्हनत्यात, दिवस असताना लय तूप खाल्लं, म्हनून असं झालं. आता तरी हात आवरायला नको?” मग स्वतःही जेवली नाही.

पुढे मी पुण्याला प्रयोगशाळेत लागलो. दोन हजार सालानंतर अतिवाढीच्या एका आजाराबद्दल वाचलं, तो बाळूशी जुळतो असं वाटलं, तेव्हा बाळू, काकू, काका अशा तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर काकूंना मी लिहिलेलं पत्र हे:

“काकू, आपल्या पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवर खुणा करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते एनएसडी-वन या जनुकामुळे बनतं. बाळूत त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. खुणा कमी पडतात, म्हणून वाढीला आवर राहिला नाही. तुमच्या किंवा काकांच्या रक्तात हा बिघाड नाही. तो बाळूपासूनच सुरू झाला. तुपानं झालेला नाही, भाकरी कमी केल्यानं जाणारही नाही. यावर औषध नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुम्हाला घराबाहेर कसं पडता येईल, तेही मला ठाऊक नाही. पण सासूबाई काही म्हणोत, आज त्याला पोटभर वाढा. आणि तुम्हीही जेवा.”