पांडू पंपवाल्याची उजवी बाजू

गावात पांडू नावाची चार माणसं होती, पण पंपवाला एकच. सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात नळाला पाणी आलं त्या दिवसापासून, म्हणजे बावीस वर्षं, विहिरीवरचा पंप त्याच्या हातात. सकाळी सहाला बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचं. पाच मिनिटं उशीर झाला की बायका त्याच्या नावानं शंख करायच्या आणि पाणी वेळेवर आलं की त्याचं नावही काढायच्या नाहीत. पाणी सोडणाऱ्याचं कौतुक कुठल्या गावात झालंय म्हणा!

पंपाच्या आवाजावरून त्याला विहिरीतलं पाणी कळायचं. उन्हाळ्यात झरा मंदावला की पंप हवा ओढतो, खडखडतो. नवखा माणूस लगेच मोटर खोलायला बसतो. पांडू त्याच्यावर करवादायचा, "मोटरला काय झाला नाय रे! विहिरीत येतच नाय, तर ती देनार कुठून?" मग तो पंप बंद करायचा आणि दुपारभर वाट बघायचा. झरा आपल्या गतीनं विहीर भरायचा. पुन्हा बटण. त्याचं सगळं शास्त्र एवढंच, आणि त्यावर गाव तगलं होतं.

पन्नाशी उलटली आणि त्याचं काळीज थकलं. विहिरीपर्यंत जायचं तर तीनदा बसावं लागे. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं, एका ट्रस्टनं खर्च उचलला, आणि त्याच्या छातीत, हृदयाच्या डाव्या बाजूला, मुठीएवढा पंप बसला. पोटातून एक वायर बाहेर आली, ती कमरेच्या डबीत गेली, आणि डबीला दोन बॅटऱ्या. गाव आधी रडलं आणि मग हसलं. पंपवाल्यालाच पंप लागला! पांडूही हसला, टाके दुखेपर्यंत.

तेव्हापासून सगळं गाव विजेवर पहारा देऊ लागलं. लाइन बंद करायची असली की वायरमन सुरज आधी फोन करायचा, "दादा, दोन तास जानार हाय, बॅटऱ्या भरून ठेव." मुरबाडला कामाला जाणाऱ्या संघरत्नानं, म्हणजे पांडूच्या लेकीनं, आईला सगळं शिकवलं. ज्या गोजाबाईनं जन्मात टीव्हीचा रिमोट धरला नव्हता, ती आता न बघता बॅटरी बदलायची. एक काढायची, भरलेली बसवायची, मगच दुसरीला हात. दोन्ही एकदम कधीच नाही. सकाळी डोळे उघडले की नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी ती डबीवरचा हिरवा दिवा बघायची.

डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, मीठ कमी, रोज सकाळी वजन, आणि दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. गोजाबाईच्या ते पक्कं लक्षात होतं. पण ऑपरेशननं नवऱ्याचा नुसता सापळा करून ठेवला होता. अठ्ठेचाळीसवरून काटा पन्नासवर गेला, मग बावन्न, मग चौपन्न, तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात. आळीत सांगत सुटली, "माझ्या हातचा अंगी लागला बग!" आता चांगली बातमी द्यायला कुणी घाईघाईनं फोन करतं का? गुरुवारी तपासायला जायचंच होतं. तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं.

पांडूला मात्र कळलं होतं. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही. दोन घासांत पोट तट्ट व्हायचं. पण वजनाची वही घेऊन काट्याशी वाकलेल्या बायकोचं तोंड त्यानं बघितलं. वर्षभरानं ती हसत होती. त्याची जीभ उचलली नाही. बाकी सगळ्यांवर डाफरणारा हा माणूस नेमका तिथं गप्प बसला, आणि याचा मला अजून राग येतो.

गुरुवार उजाडायच्या आधीच डबी किंचाळली. गाडी करून त्याला मुंबईला नेलं.

"काका, पंप उत्तम चाललाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो डाव्या बाजूचा. शरीरातून आलेलं रक्त उजवी बाजू फुफ्फुसात ढकलते, तिथून ते डावीकडे येतं, तेव्हा पंपाला काही मिळतं. ती उजवी बाजू थकलीय. रक्त मागं साचतंय, म्हणून पाय आणि पोट सुजलंय. ते पाण्याचं वजन होतं."

गोजाबाईच्या हातातली वही खाली पडली.

"म्हंजे झरा," पांडू म्हणाला.

"मंग त्या बाजूला पन बसवा की एक!" गोजाबाई म्हणाली.

"घरी नेता येईल असा पंप त्या बाजूसाठी आमच्याकडे नाही, मावशी." बाईंनी दुसऱ्या हृदयासाठी यादीत नाव घातलं, पंपाचा वेग थोडा उतरवला, पाणी काढायच्या गोळ्या वाढवल्या. किती दिवस, असं पांडूनं विचारलं, तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

वजन पुन्हा पन्नासवर आलं. गोजाबाई आता काटा दोनदा बघायची, मगच वहीत लिहायची.

वैशाखातली सकाळ. विहिरीवर आता मनोज पंप चालवायचा. पांडू शेजारी खुर्ची टाकून बसला होता. पाय सुजले होते, पुन्हा. पंप खडखडला. मनोज पाना घेऊन धावला.

"बंद कर रे! मोटरला काय झाला नाय."

मनोजनं बटण दाबलं. सगळं शांत झालं. हंडा घेऊन आलेली गोजाबाई नवऱ्याच्या खुर्चीशी टेकली.

"आता?"

"आता वाट बगायची. भरंल दुपारपर्यंत."

तिनं विहिरीत वाकून बघितलं. मग त्याच्या कमरेच्या डबीकडे. उत्तर तिला माहीत होतं, रोज तीच तर बॅटऱ्या बदलायची. तरी तिनं विचारलं.

"अवो, तुमचा पन थोडा बंद ठेवला तर? दुपारभर? तवर भरंल की आतला."

पांडूनं तिचा हात धरला. बावीस वर्षं जे तो साऱ्या गावाला सांगत आला होता, तेच ती त्याला सांगत होती.

"नाय गो," तो म्हणाला. "हा बंद नाय करता येत."

डबीनं बारीकसा आवाज केला. बॅटरी उतरली होती. गोजाबाईनं पदरानं डोळे पुसले, पिशवीतून भरलेल्या बॅटऱ्या काढल्या आणि बदलायला घेतल्या. आधी एक, मग दुसरी.