हात लावू का?

शेवटच्या दुपारी ताईच्या अंगावरची चादर सरकली होती. ती घालायला गेलो, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "विचारलंस का?" मरणाच्या दारातही बाईसाहेबांची मास्तरकी सुटत नव्हती. मी चिडून विचारलं. चादर धरून तसाच उभा राहिलो... मग म्हणाली, "घाल." संध्याकाळी ती गेली.

ताई डॉक्टर. मेडिकल कॉलेजात अगदी पहिल्या वर्षापासून मुलांना शिकवायची. तिचा धडा एकच: पेशंटला हात लावण्याआधी विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एकदा काशीदच्या एका म्हातारीने एका मुलाला सरळ "न्हाय" म्हणून सांगितलं. मुलं हसली. ताईने सगळ्यांना खाटेपाशी तसंच उभं ठेवलं. शेवटी म्हातारीलाच दया आली. "लाव आता. आजवर कुनी इचारलं न्हवतं, म्हनून न्हाय म्हनून बघितलं." किहीमच्या आमच्या घरी ओटीवर बसून ताई हा किस्सा इतक्यांदा सांगायची, की म्हातारीचं वाक्य तिच्याआधी आम्हीच म्हणायचो.

देहदानाचं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. कॉलेजची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. मला ते मुळीच आवडलं नाही. चिता नाही, राख नाही. ताई गेली हे मनाला पटेचना. ती कुठेतरी आडवी पडून कुणाची तरी वाट बघतेय, असंच वाटायचं.

गेल्या आठवड्यात कॉलेजचा फोन आला. देहाचा अभ्यास सुरू करण्याआधी मुलं शपथ घेतात, घरच्यांनी यावं. गेलो. पांढऱ्या कापडाखाली ताई. शपथ झाल्यावर एक मुलगी पुढे आली, "बाई, हात लावू का?" म्हणाली आणि थांबली. सगळीच थांबली. मला वाटलं, रीत म्हणून विचारलं असेल. पण कुणी हलेना. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं, सगळ्यांचे डोळे त्या कापडावर... आणि खरं सांगतो, माझेही. मुलीने हळूच हात मागे घेतला.

"बाई हो म्हणाल्या नाहीत," ती म्हणाली.

उत्तर द्यायला तिथे मीच होतो, हे तेव्हा कळलं. मला ते द्यायचं नव्हतं. एकदा दिलं की ताई संपली. तेवढ्यात "लाव" असं ऐकू आलं. ओठ माझे हलले होते. हेल ताईचा होता.

घरी खिडकीत तिचा चष्मा अजून तसाच आहे. काल बघतो तर काचेवर वाफ धरलेली, नुकताच कुणी श्वास सोडल्यासारखी. खाऱ्या हवेने होतं तसं. पुसायला रुमाल काढला, आधी विचारलं, आणि थांबलो... अजून थांबलोय.